रिकाम्या पारड्यातले अकरा ग्रॅम

१

तोलखोलीला खिडकी नव्हती, आणि दारं दोन होती. सकाळी साडेआठला ती पहिलं दार उघडायची, आत शिरून ते लावून घ्यायची, आणि मगच दुसऱ्याला हात घालायची. दोन्ही एका वेळी उघडी राहिली तर बाहेरची हवा आत यायची, आणि या खोलीत हवेइतका अट्टल चोर दुसरा नव्हता.

मधोमध काळ्या दगडाची लादी. तिचे खांब फरशीला कुठेही न टेकता थेट जमिनीत उतरलेले, म्हणजे चालणाऱ्याच्या पावलांचा हादरा वर पोचू नये. लादीवर काचेची पेटी आणि पेटीत तराजू: एक दांडी, दोन पारडी, मधे खाली लोंबणारा लांब काटा. गावातल्या औषधवाल्यांची, सराफांची, प्रयोगशाळांची वजनं इथे तपासून जायची. इथे जे खरं ठरायचं ते गावभर खरं.

ती पाच वर्षं दूरदेशी हेच शिकली होती. तिकडची नोकरी हातात असताना परत आली, तेव्हा दादाने कपाळावर हात मारून घेतला होता. "लोक नशीब काढायला तिकडे जातात. आमच्या बाईसाहेब वजनं तपासायला इकडे आल्या!"

"मापात पाप नको, दादा," ती म्हणाली होती. "बाकी सगळं नंतर." आणि ते ती मनापासून म्हणाली होती. पहिल्याच आठवड्यात तिने तीन मिलीग्रामसाठी एका बड्या सराफाची अख्खी पेटी परत पाठवली. तेव्हापासून कचेरीत तिचं नाव 'मिलीग्राम' पडलं ते पडलंच.

दिवसाचा पहिला तोल रिकामा असायचा. दोन्ही पारड्यांत काही नाही. कळ फिरवली की दांडी मोकळी व्हायची, काटा इकडून तिकडे झुलायचा आणि हळूहळू मधल्या रेघेपाशी यायचा. मग ती मोठ्याने म्हणायची, "शून्य!" बाहेर स्टुलावर बसलेले मिस्त्रीकाका म्हणायचे, "शून्य!" आणि पाटीवर खडूने लिहायचे. जो वाचतो त्याने लिहायचं नाही, जो लिहितो त्याने वाचायचं नाही, असा तिथला जुना शिरस्ता होता. एकट्या माणसाला स्वतःला फसवायला फार वेळ लागत नाही, म्हणून.

मिस्त्रीकाका चाळीस वर्षं तराजू दुरुस्त करत आले होते. त्यांनी तिला पहिल्या दिवशी एकच गोष्ट सांगितली. "ताई, खरा काटा थरथरतो. मधे येऊनही थरथरतच राहतो. जो काटा गप्प उभा राहतो, तो एकतर अडकलेला असतो, नाहीतर कुणीतरी धरलेला."

त्या मंगळवारी तिने कळ फिरवली, आणि डावं पारडं खाली जाऊन तळाला टेकलं. टक्.

२

तिने पेटी उघडली. पारडं रिकामं होतं. मऊ ब्रशने झाडलं, पेटी लावली, कळ फिरवली. टक्.

मग तिने चिमट्याने उजव्या पारड्यात वजनं ठेवायला सुरुवात केली. पाच, दहा, दहावर एक. काटा झुलत मधे आला. अकरा ग्रॅम. दोन कोऱ्या कागदांहून थोडं जास्त. धूळ इतकी नसते. माणसाच्या अंगाच्या उबेने दांडी केसभर लांबते हे तिला ठाऊक होतं, पण त्या उबेचा हिशोब मिलीग्रामात होतो, ग्रॅमात नाही.

"काका, जरा तुम्ही बघता?"

ती बाहेर आली, ते आत गेले. दारांमधून त्यांचा आवाज आला, "शून्य! अगदी झकास."

ती आत गेली, ते बाहेर गेले. टक्.

दुपारी रुग्णालयाची माणसं औषधखोलीतली वजनं न्यायला येणार होती, आणि ती अजून तपासून व्हायची होती. तिचं डोकं सकाळपासून ठणकत होतं. उद्या बघू, असं म्हणून तिने शिशाच्या पत्र्याचा तुकडा घेतला, कातरून बरोबर अकरा ग्रॅमचा केला, घडी घातली आणि उजव्या पारड्याच्या पोटाला मेणाने चिकटवली.

बाजारात तराजू झुकता असला की दुसऱ्या पारड्याखाली खडा बांधतात. त्याला पासंग म्हणतात. तिच्या धंद्यात ती शिवी आहे.

"शून्य!" ती म्हणाली.

"शून्य!" काका म्हणाले, आणि खडू पाटीवर करकरला.

खरं पाहता पासंग लावायला ती आठ महिन्यांपूर्वीच शिकली होती. उजव्या हातातून किल्ल्या पडायला लागल्या, तेव्हा तिने त्या डाव्या खिशात ठेवल्या. 'चिमटा' हा शब्द ऐन वेळी दडी मारायला लागला, तेव्हा ती 'ते पकडायचं द्या' म्हणायला लागली. मधूनच अर्धा मिनिट जळक्या रबराचा वास यायचा, तर ती घराखालच्या गॅरेजला नावं ठेवायची. झोप पुरत नाही, चष्मा बदलायला हवा, उन्हं फार आहेत. तिच्यापाशी प्रत्येक झुकत्या गोष्टीला चिकटवायला एक तुकडा तयार होता.

शुक्रवारी ती दोन दारांच्या मधल्या जागेत कोसळली. जेमतेम दोन हातांची जागा ती. काकांनी धप्प असा आवाज ऐकला, पण बाहेरचं दार तिच्या अंगानेच अडवून धरलं होतं. ते उघडेपर्यंत तिचा उजवा हात भिंतीवर ठकठक, ठकठक वाजत राहिला. आतून कुणी दार वाजवावं तसा, असं काका नंतर म्हणाले.

३

सर्जनबाई पन्नाशीच्या, आखूड नखांच्या, तोंडावर बोलणाऱ्या. त्यांनी भिंतीवरच्या उजळ चौकोनात तिच्या मेंदूचं चित्र लावलं. डाव्या बाजूला एक पांढुरका डाग.

"गाठ आहे. अक्रोडाएवढी. हळू वाढणारी वाटतेय, पण वाढणारी."

"वजन किती असेल?"

सर्जनबाईंनी चष्मा खाली केला. "इतकी वर्षं हे काम करतेय, हा प्रश्न पहिल्यांदा ऐकला. असेल दहा-बारा ग्रॅम. का?"

खोलीत वातानुकूलन होतं, तरी तिच्या मानेवरून घामाचा थेंब खाली उतरला. दहा-बारा काय, तिला तो आकडा मिलीग्रामासकट माहीत होता.

पुढच्या पंधरवड्यात तीन डॉक्टर झाले आणि तीन मतं झाली. एक म्हणाला, थांबा. दर तीन महिन्यांनी चित्र काढू, कदाचित वर्षानुवर्षं काही होणार नाही. दुसरा म्हणाला, किरणं द्या, वाढ रोखता येईल, पण तुकडा काढून तपासल्याशिवाय नेमकं शत्रूचं नाव कळणार नाही. सर्जनबाई म्हणाल्या, काढू. "तुम्हाला जागं ठेवून, बोलतं ठेवून. तिथे हात आणि बोलणं शेजारीशेजारी राहतात. काहीतरी जाईल. कदाचित परत येईल. थांबलात तरी जाईल, फक्त इतकं हळू जाईल की तुम्हाला पत्ता लागणार नाही."

रविवारी दुपारी जेवणाच्या टेबलावर या तिघांची मतं पुन्हा एकदा वाढली गेली.

"झोपलेल्या सापाला काठीने डिवचायचं कशाला?" दादा म्हणाला.

"तो साप माझ्या पोरीच्या डोक्यात झोपलाय," आई म्हणाली. "तुझ्या उशाशी असता म्हणजे कळलं असतं."

"मग तिकडे जा तू. तुझे ते प्रोफेसर आहेत, मित्र आहेत. मी आज तिकीट काढतो."

"इथल्या वजनांवर विश्वास ठेवा म्हणून मी गावभर सांगत फिरते, दादा. आणि स्वतःवर आली की पळ काढू?"

"अगं, हा तत्त्वाचा प्रश्न नाही, डोक्याचा आहे!"

"माझ्या डोक्यात तत्त्वंच होती इतके दिवस. आता एक अक्रोडही आहे."

आई फिसकन हसली, आणि हसता हसताच उठून ताटं गोळा करायला लागली. कुणाचंच जेवण अजून झालं नव्हतं.

दादाने पाण्याचं भांडं जवळ ओढलं. मग हळूच म्हणाला, "तुझं बोलणंच गेलं, तर मी भांडू कुणाशी?"

त्याचे डोळे भरले होते. दादाला रडताना तिने एकदाच पाहिलं होतं, बाबा गेले तेव्हा.

"बरं," ती म्हणाली. "थांबते."

४

ती कोसळल्यापासून कचेरीच्या साहेबांनी तिची सही आणि तोलखोलीतलं काम, दोन्ही बंद ठेवलं होतं. बरं वाटेपर्यंत वजनांना हात लावायचा नाही. तोलखोलीत जायला मात्र कुणी मना केलं नव्हतं. सोमवारी सकाळी ती आत गेली, शिशाची घडी पारड्याखालून सोडवून लादीवर ठेवली, आणि कळ फिरवली.

डावं पारडं खाली गेलं नाही. काटा बरोबर मधल्या रेघेवर उभा होता.

तिच्या छातीवरून कुणीतरी उठून गेल्यासारखं झालं. थांबायचं ठरवलं आणि डोकं दुखायचं राहिलं, रबराचा वास गेला, आणि आता हे. म्हणजे थांबण्यातच शहाणपण होतं. किती साधं होतं.

"शून्य!" ती म्हणाली.

"शून्य!" उत्तर आलं.

तिने डोळे मिटले. खोलीत इतकी शांतता होती की स्वतःच्या कानातलं रक्त ऐकू येत होतं. मग कसलीशी चुकचुक लागली म्हणून तिने डोळे उघडले आणि काट्याकडे पाहिलं. पाहतच राहिली.

तो झुलला नव्हता. कळ फिरवल्यावर इकडे नाही, तिकडे नाही, थेट रेघेवर. आताही तो उभाच होता. तिने पेटीची काच वर केली आणि तळहाताने वारा घातला. पारड्यांच्या साखळ्या हलल्या. काटा हलला नाही. तिने फुंकर मारली. काटा हलला नाही. इतकं सुरेख शून्य तिने उभ्या आयुष्यात पाहिलं नव्हतं.

खरा काटा थरथरतो, ताई.

ती शिकलेली बाई होती. एखादी गोष्ट खरी की भास, हे ओळखायची एकच रीत तिला ठाऊक होती: एक गोष्ट बदलायची, बाकी तशाच ठेवायच्या. ती जागची हलली नाही. फक्त मोठ्याने म्हणाली, "काढून टाकते."

टक्. डावं पारडं तळाला.

"थांबते."

पारडं अलगद वर आलं. काटा रेघेवर. निश्चल.

"काढून टाकते."

टक्. या वेळी जरा जोरात.

हा माझाच हात असेल, ती स्वतःला समजावत होती. उजव्या हाताला झटके येतात, तो लादीला लागत असेल. तिने दोन्ही हात डोक्यावर धरले आणि 'थांबते', मग 'काढून टाकते' असं पुन्हा म्हणाली. टक्. तसं असेल तर डोळे फसवत असतील. तिने डोळे मिटून तेच म्हटलं. टक्. कानही फसवत असतील. ज्या डोक्याने तपासायचं तेच डोकं आजारी, मग कुणाचा कुणावर भरवसा?

काका तरी ऐकत होते. काकांनी आत्ताच तर उत्तर दिलं होतं. तिने आतलं दार उघडलं, बाहेरचं उघडलं, दोन्ही एकदम उघडी टाकली, आयुष्यात पहिल्यांदाच.

स्टूल रिकामं होतं. पाटीवर ती कोसळली त्या शुक्रवारची तारीख होती. मग तिला आठवलं, काकांनी मुलीकडे जायचं म्हणून आजची रजा घेतली होती. तिनेच तर त्यांना परवा हसून म्हटलं होतं, नातवाला माझ्या वतीने तोलून या.

मग तो आवाज कुणाचा, हे शोधायला तिला फार लांब जावं लागलं नाही. तो बायकी होता. तिचाच होता. फक्त हल्ली तिची जीभ जिथे अडखळायची, तिथे तो अडखळला नव्हता.

५

मंगळवारी मिस्त्रीकाका लादीपाशी उभे होते. त्यांच्या तळहातावर शिशाची घडी होती.

"हे काय, ताई?"

सांगायला एक सोडून दहा सबबी होत्या. "पासंग आहे, काका. मी लावला."

म्हातारा माणूस स्टुलावर बसला नाही, भिंतीला टेकला. "मी चाळीस वर्षांत इथे लाच खाणारे पाहिले, झोपा काढणारे पाहिले. पण पासंग... आणि तुम्ही? मिलीग्रामने?"

तिने सगळं सांगितलं. टक् सांगितलं, गप्प काटा सांगितला, रिकाम्या स्टुलावरून आलेलं उत्तरही सांगितलं. सांगताना 'पारडं' हा शब्द दोनदा सापडला नाही, तेव्हा तिने ते हाताने दाखवलं.

"वेडी वाटते का मी तुम्हाला?"

काकांनी घडी बोटांत फिरवली. "मी बघतो तेव्हा रिकामं पारडं रिकामं असतं. तुम्हाला काय दिसतं ते मी सांगू शकत नाही. पण वेडी माणसं काट्याला वारा घालून बघत नाहीत." मग म्हणाले, "तुम्हाला ते झुकतं दिसलं ही काही चूक नव्हे. झुकतं दिसलं आणि तुम्ही 'शून्य' म्हणालात, ही चूक. मी ते लिहिलं. माझ्या अक्षरात लिहिलं."

त्या दिवसभर ती आणि काका मिळून पत्रं लिहीत बसले. त्या मंगळवारपासून शुक्रवारपर्यंत गेलेलं प्रत्येक वजन परत मागवलं. कारण म्हणून तिने स्वतःची चूक लिहिली, आजार लिहिला नाही. साहेब म्हणाले, "अहो, 'तांत्रिक अडचण' लिहा, अब्रू जाईल." ती म्हणाली, "जाऊ द्या. वजन खरं परत येऊ द्या." रुग्णालयाच्या पेटीतलं एकच चुकीचं निघालं, औषधांचं, सगळ्यात लहान. एक पुरे होतं.

संध्याकाळी घरी जाऊन तिने दादाला सांगितलं. "मी काढून टाकणार आहे."

"परवा तर थांबते म्हणालीस!"

"ते मी म्हणाले की नाही, याचीच मला खात्री नाहीये, दादा."

दादाच्या तोंडचं पाणी पळालं. तिच्या कपाळावरची शीर ठणकायला लागली होती, आणि गॅरेज बंद असताना घरभर जळक्या रबराचा वास पसरला होता. ती हसली. "बघ," ती हवेकडे बघत म्हणाली, "अक्रोडाला राग आला."

६

सर्जनबाईंशी तिने आधीच करार केला होता.

"मी मधेच 'थांबा' म्हणाले तर तुम्ही थांबणार?"

"अर्थात. जागं ठेवायचं तेवढ्यासाठीच."

"आणि ते मी म्हणाले नसले तर?"

सर्जनबाई हसल्या नाहीत. "त्या जागी तोंड आपोआप बोलू शकतं. पाहिलंय मी. तुमच्या मनात काय आहे?"

"गाठीचा माझ्या डाव्या हाताशी काही संबंध नाही ना?"

"नाही. तिची हुकूमत उजव्यावर."

"मग माझ्या डाव्या हातात एक वजन द्या. मी वजन खाली ठेवलं तर थांबा. तोंड काहीही म्हणो. आणि हात थरथरत असेल तोवर धरणारी मीच आहे असं समजा."

वजन काकांनी दिलं. पितळेचं, पन्नास ग्रॅमचं, वर गोल गुंडी असलेलं. त्यांनी उमेदवारीत बनवलेलं पहिलं. "खोटं आहे," ते देताना म्हणाले. "अर्धा ग्रॅम कमी. पण मी कधी लपवलं नाही." रुग्णालयाने ते उकळून, पुसून, लखलखीत करून तिच्या तळहातावर ठेवलं.

हिरव्या कापडाच्या तंबूखाली ती कुशीवर होती. डोक्यात दुखत नव्हतं, फक्त दूर कुठेतरी कुणी फर्निचर सरकवत होतं. कापडाच्या या बाजूला परिचारिका बसली होती, चित्रं दाखवत होती.

"हे काय?"

"किल्ली."

"हे?"

"छत्री."

"उजवी बोटं हलवा. छान. हे?"

"च... चि..." ते पकडायचं होतं. तिला ते ठाऊक होतं.

"इथे नको," वरून सर्जनबाईंचा आवाज आला, "इथे बोलणं आहे. पलीकडून जाऊ."

कितीतरी वेळ असाच गेला. आणि मग तिने ऐकलं, स्पष्ट, गोड, एकही अक्षर न अडखळता: "थांबा. आता पुरे. मी ठीक आहे."

तिची जीभ हलली होती. तिचे ओठ हलले होते. ती बोलली नव्हती.

खोलीतले सगळे आवाज थांबले. "त्या थांबा म्हणताहेत," परिचारिका म्हणाली.

नाही, असं ओरडायला तिने तोंड उघडलं, आणि तोंड म्हणालं, "हो, थांबा. मी विचार बदललाय. तसंच राहू द्या."

किती समजूतदार आवाज होता. तिला स्वतःलाच पटायला लागला. राहू द्यावं. उरलेली वर्षं शांत जातील, काटा रेघेवर उभा राहील, दादाशी भांडता येईल. फक्त बोटं सैल करायची. एवढंच. पन्नास ग्रॅम, त्यातही अर्धा कमी.

तिने वजन आवळलं. गुंडी तळहातात रुतली. डोळ्यांपासून वीतभर अंतरावर तिची मूठ होती आणि मुठीतून गुंडीचा चकचकीत गोळा वर आला होता. त्यात सगळी खोली मावली होती, वाकडी, इवलीशी. दिवा. दिव्याखाली सर्जनबाई आणि त्यांचा मदतनीस. अलीकडे परिचारिका. आणि तिच्याही अलीकडे, उशाशी, जिथे उभं राहायला जागाच नव्हती, तिथे ओणवं झालेलं आणखी एक कुणीतरी. त्याचं एक बोट तिच्या चेहऱ्याच्या दिशेने लांब केलेलं, अगदी हलकं, झुलता काटा धरून ठेवावा तसं.

"हात बघा," सर्जनबाई म्हणाल्या. "वजन ठेवलं का?"

"नाही, डॉक्टर." परिचारिका खाली वाकली. "हात थरथरतोय. खूप थरथरतोय. पण सोडत नाहीयेत."

"थांबा," तिचं तोंड म्हणालं, "कृपा करून थांबा."

"थरथरतोय ना?" सर्जनबाई म्हणाल्या. "मग चालू ठेवू."

७

अडीच महिन्यांनी तिने तोलखोलीचं पहिलं दार उघडलं, डाव्या हाताने. उजवा अजून रुसलेला होता. डोक्यावर अर्धचंद्राचा व्रण, त्यावर उभे आखूड केस. 'चिमटा' म्हणायला गेली की 'चिमणी' निघायचं, आणि काका हसून म्हणायचे, "द्या, चिमणीने उचलतो." दादा रोज संध्याकाळी मुद्दाम वाद उकरून काढायचा. हरायचा, आणि हरल्यावर शीळ घालत उठायचा.

"किती निघालं?" शुद्धीवर आल्यावर तिने विचारलं होतं.

"नऊ ग्रॅम," सर्जनबाई म्हणाल्या होत्या. "तुमच्यामुळे मुद्दाम तोलायला लावलं. बोलण्याच्या कडेला एक पापुद्रा ठेवलाय. तिथे हात घातला असता तर हा प्रश्न तुम्ही विचारू शकला नसता. त्याला किरणं देऊ. शंभर टक्के जाईल असं मी म्हणणार नाही."

"म्हणूही नका," ती म्हणाली होती.

आता तिने आतलं दार लावून घेतलं. लादी, पेटी, पारडी. खणात शिशाची घडी तशीच होती, अकरा ग्रॅमची. काकांनी ती टाकली नव्हती. तिने खण बंद केला आणि कळ फिरवली.

टक्. हळूच. कुणी चोरपावलांनी उंबऱ्यावर पाय ठेवावा तसं.

ती घाबरली नाही असं म्हणणं खोटं ठरेल. तिने लादीची कड धरली, श्वास घेतला, आणि चिमट्याने एक छोटं वजन उचलून उजव्या पारड्यात ठेवलं. डाव्या हाताला सवय नव्हती, दोनदा निसटलं. काटा झुलला, लांब गेला, परत आला, मधल्या रेघेच्या अलीकडे-पलीकडे हेलकावत राहिला.

"शून्य," कुणीतरी तिच्या कानाशी म्हणालं. गोड, स्वच्छ, न अडखळता.

"द..." ती म्हणाली. जीभ टाळ्याला चिकटली. "द... दो..."

"शून्य."

"दोन!" ती ओरडली. "दोन ग्रॅम! डावीकडे!"

बाहेर स्टूल करकरलं. चाळीस वर्षांत त्या पाटीवर सकाळी शून्याखेरीज दुसरा आकडा लिहिला गेला नव्हता.

"दोन ग्रॅम," काकांचा खरखरीत आवाज आला. "डावीकडे." आणि खडू वाजला.

ती पारड्याकडे वाकली. "सोमवारपासून किरणं आहेत," ती हळू, एकेक शब्द शोधून म्हणाली. "सहा आठवडे. रोज सकाळी मी आधी इथे येईन. तू जेवढा असशील तेवढा मोठ्याने वाचीन. कमी नाही, जास्त नाही."

"ताई?" बाहेरून काका म्हणाले. "आत कुणाशी बोलताय?"

"म... मोजतेय, काका. तुम्ही लिहा."

काटा थरथरत होता.